‘असेल-ते’ नावाचं फंक्शन

ऑफिसात त्याला सगळे खटपट्या म्हणायचे, आणि हे नाव त्याला मनापासून आवडायचं. कुणाचा काँप्युटर अडला, प्रिंटर रुसून बसला, मीटिंगच्या खोलीतला पडदा खाली येईना झाला, की लोक दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी याच्या खुर्चीकडे बघायचे. आणि तो उठायचाच. नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

कंपनी कानाची मशीनं बनवायची. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कानामागे दडून बसणारं, शेंगदाण्याहून थोडं मोठं यंत्र. त्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम या मजल्यावर लिहिला जायचा. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले तुकडे गोळा करायचे, तपासायचे आणि त्यांचं एक गाठोडं बांधून मशीनमध्ये भरायला पाठवायचं, हे काम बिल्ड टूल करायचं. सगळं जमलं की पडद्यावर हिरवी पट्टी यायची, काही अडलं की लाल. या टूलला मुळात मोजकीच कामं येत होती, पण त्याला नवी शिकवता यायची. छोटीशी स्क्रिप्ट लिहायची, तिला नाव द्यायचं, की ते काम टूलच्या अंगवळणी पडायचं. असं शिकवण्यात खटपट्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या टास्कना आणि फंक्शनना तो घरातल्या बोलण्यातली नावं द्यायचा. गाठोडं बांधणारं टास्क ‘बोचकं’, जुन्या फायली पुसणारं ‘केरवारा’. नवीन आलेली माणसं आधी हसायची आणि थोड्याच दिवसांत एकमेकांना “केरवारा केलास का?” असं गंभीरपणे विचारायला लागायची.

‘असेल-ते’ हे फंक्शन त्यानं एका अडचणीच्या दुपारी लिहिलं. नवी आवृत्ती त्याच दिवशी बाहेर जायची होती, आणि फायली जिथे ठेवलेल्या असायच्या तो सर्व्हर धड चालत नव्हता. बोचकं बांधायला जावं तर एखादी फाइल वेळेवर मिळायची नाही आणि पट्टी लाल व्हायची. पुन्हा चालवावं, तर दुसरीच फाइल गायब. सगळा मजला हातावर हात धरून बसला होता आणि साहेब येरझारा घालत होते. खटपट्यानं चहा निवायच्या आत तोड काढली. ताजी फाइल मिळाली तर ती घ्यायची, नाही मिळाली तर मागच्या बिल्डमधली, जपून ठेवलेली, असेल ती घ्यायची आणि पुढे चालायचं. पट्टी हिरवी झाली. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

तसा तो अगदीच बेफिकीर नव्हता. जुनी फाइल वापरली गेली की पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना यावी अशी सोय त्यानं ठेवली होती. सूचना त्याच्याच थाटाची होती: ‘ताजं नाही, शिळ्यावर भागवलं.’ पहिल्यांदा ती दिसली तेव्हा शेजारपाजारचे उठून बघायला आले आणि पोट धरून हसले. पण सर्व्हर वरचेवर रुसायचा, पिवळ्या ओळी वाढत गेल्या, बाकीचं काही दिसेना झालं. मग लोकांच्या आग्रहावरून त्यानं आणखी एक फंक्शन लिहिलं, ‘गप्प’. ते त्याच्या टास्कच्या सगळ्या सूचना गिळून टाकायचं. पडदा स्वच्छ झाला. सर्व्हर पुढे बदलला, नीट चालू लागला, पण ‘असेल-ते’ आणि ‘गप्प’ दोघंही जिथल्या तिथे राहिले. साहेबांनी त्याला दुसऱ्या विभागांपुढे बोलायला उभं केलं, बिल्ड टूल स्वतःच्या सोयीचं कसं करून घ्यावं यावर. तिथेही लोक हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच्या मागच्या रांगेत कानसेन बसायची. हेही ऑफिसनंच ठेवलेलं नाव. गाणारे तानसेन, तर ऐकणारी ती कानसेन. मशीनमध्ये कोणता आवाज किती मोठा करायचा, कोणता दाबायचा, आणि किती मोठा आवाज आला की त्याला अडवायचं, याचे तक्ते ती तयार करायची. हा शेवटचा आकडा सगळ्यांत नाजूक. तो चुकला की माणसाला बोलणं नीट ऐकू येतं, पण दार आपटलं तर कानात सुई टोचल्यासारखं होतं. कानसेन दिवसभर हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेली असायची. झोपलीय म्हणून तिची थट्टा व्हायची, आणि ती डोळे न उघडता थट्टा करणाऱ्याचं नाव घ्यायची.

कंपनीनं बारकं मॉडेल काढलं तेव्हा तिनं त्याच्या तक्त्यांना वेगळा फोल्डर केला. सकाळच्या बैठकीत सगळ्यांना सांगितलंही. खटपट्यानं मान डोलावली. त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरंच काही चाललं होतं.

बारकं मॉडेल बाजारात गेलं आणि तक्रारी सुरू झाल्या. भांडं पडलं की कळ जाते, हॉर्न सहन होत नाही, सून कपाट लावते तेव्हा कानावर हात ठेवावे लागतात. तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाई वर येऊन कानसेनला एकेक सांगायच्या. कानसेननं आकडा खाली आणला. नवी आवृत्ती गेली, तक्रारी तशाच. तिनं आणखी खाली आणला. तरी तेच. तिच्या टेबलावरच्या यंत्रात ती तक्ते थेट भरून ऐकायची तेव्हा सगळं बरोबर असायचं, आणि लोकांच्या कानात गेलं की चूक. तिला काही उमगेना.

एका सकाळी ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. “माझे तक्ते बोचक्यात जातायत ना रे? एकदा उघडून बघशील?”

तो एका नव्या टास्कमध्ये बुडालेला होता. दुसऱ्या पडद्यावर पट्टी हिरवी होती. त्यानं तिकडे नजर टाकली, दोन-चार कळा दाबल्यासारखं केलं आणि म्हणाला, “बघितलं. बरोबर आहेत.”

“नक्की?”

“अगं, हिरवं आहे सगळं.”

ती परत जाऊन बसली. त्या दिवसापासून तिनं डोळे मिटून ऐकणं जवळपास सोडलं. ती आकडे बघायची, पुसायची, पुन्हा तेच लिहायची. बैठकीत साहेब चिडले, म्हणाले की लोकांच्या कानांशी खेळ चाललाय. खटपट्याला विचारलं तेव्हा त्यानं बिल्डमध्ये काही खोट नाही असं सांगितलं, आणि त्याला तसंच वाटत होतं. शेवटी साहेबांनी कानसेनला थोडे दिवस म्हणून खालच्या मजल्यावर पाठवलं, माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांत. मशीन कोरड्या जागी ठेवा, लहान मुलांच्या हाती देऊ नका. तिच्या जागी बाहेरून एक नवा माणूस आला. कानसेननं आपले हेडफोन ड्रॉवरमध्ये ठेवले आणि किल्ली नव्या माणसाच्या हातात दिली. खटपट्याला वाईट वाटलं. त्यानं तिची खुर्ची खाली नेऊन दिली.

खटपट्याची ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर त्याचं शिक्षण तिनंच केलं होतं. पन्नाशीनंतर तिला कमी ऐकू यायला लागलं, आणि बारकं मॉडेल आल्या आल्या त्यानं पहिलं तिच्यासाठी घेतलं. स्वतःच्या हातानं तिच्या कानामागे बसवलं. ताईनं आरशात मान वळवून वळवून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, “माझ्या भावाचं काम आहे आत, मला आता सगळं ऐकू येणार.” ती दातांच्या एका दवाखान्यात पेशंटची नोंद करायची, फोन घ्यायची. पुढे तिनं ते काम सोडलं. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असं कारण तिनं सांगितलं होतं.

एका रविवारी तो तिच्याकडे जेवायला गेला. ताईच्या कानामागे मशीन होतं. जेवणं झाल्यावर भावोजींनी स्टीलची ताटं एकावर एक रचून ओट्यावर ठेवली, आणि ताईचे डोळे गच्च मिटले, खांदा कानापर्यंत वर गेला. क्षणभरच. मग ती त्याच्याकडे बघून हसली आणि ऑफिसचं विचारायला लागली. त्यानं ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. चार वाजायच्या सुमाराला निघाला, कोपऱ्यापर्यंत गेला, आणि खिसे चाचपले तर फोन राहिलेला. परत आला. बेल वाजवली. आतून काही हालचाल नाही. पुन्हा वाजवली. मग भावोजींनी दार उघडलं.

ताई खिडकीपाशी पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मशीन फडताळात, त्याच्या डबीत होतं.

“अगं, हा परत आलाय,” भावोजी मोठ्यानं ओरडले. ताई दचकून वळली, आणि तिचा हात आधी कानाकडे गेला, मग फडताळाकडे.

“राहू दे आता,” भावोजी तिला म्हणाले, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, “तू येणार असलास की घालते ती. एरवी नाही.”

ताई भावोजींवर डोळे वटारत राहिली. मग तिनंच हळूहळू सांगितलं. भांड्याचा, दाराचा, अगदी चमच्याचा आवाजसुद्धा मस्तकात जातो. दवाखान्यात डॉक्टर ती बारीक हत्यारं ट्रेमध्ये टाकायचे, दिवसभर टण टण, आणि दरवेळी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मशीन काढावं तर फोनवरचं ऐकू येईना. म्हणून काम सोडलं. गुडघे चांगले ठणठणीत आहेत.

“मला का नाही सांगितलंस?” त्यानं विचारलं. दोनदा विचारावं लागलं, कारण पहिल्यांदा तिला ऐकू गेलं नाही.

“तू इतक्या हौसेनं दिलंस,” ताई म्हणाली. “आणि मशीनचा काय दोष? तू केलेलं आहे ते. माझेच कान आता कामातून गेले.”

त्यानं ते मशीन मागून घेतलं, तपासून आणतो म्हणाला. बसमध्ये डबी हातात धरून बसला. तेव्हाही त्याला वाटत होतं की एखादा भाग बिघडला असेल, कारखान्यातली चूक असेल.

सोमवारी सकाळी कुणी यायच्या आत त्यानं मशीन केबलला जोडलं आणि आतलं सगळं काढून पाहिलं. आवृत्ती नवी होती. तक्ता उघडला, आणि अडवायचा आकडा पाहून तो थबकला. हा कानसेननं कधीच बदलून टाकलेला आकडा होता. अगदी सुरुवातीचा, वेगळा फोल्डर होण्याआधी चाचणीपुरता घातलेला. तिनं खाली आणलेला, मग आणखी खाली आणलेला, त्यातला एकही कुणाच्या कानापर्यंत पोचला नव्हता.

मग त्यानं स्वतःची स्क्रिप्ट उघडली. ‘बोचकं’ जुन्याच फोल्डरमध्ये शोधत होतं. तिथे बारक्या मॉडेलचे तक्ते नव्हते, कारण कानसेननं ते हलवले होते आणि सांगूनसवरून हलवले होते. फाइल मिळाली नाही, ‘असेल-ते’नं मागची उचलली. पुढच्या वेळीही मागचीच. दरवेळी मागची, आणि दरवेळी हिरवी पट्टी. त्यानं ‘गप्प’ काढून टाकलं आणि टूल पुन्हा चालवलं. पडदा वरपासून खालपर्यंत पिवळा झाला. ताजं नाही, शिळ्यावर भागवलं. ताजं नाही, शिळ्यावर भागवलं. विनोद त्याचा, अक्षरं त्याची. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागून कुणी येतंय का ते बघून त्यानं पडद्यावरची खिडकी बंद केली.

तेव्हा त्यानं जे केलं त्याची लाज त्याला पुढे बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटली. त्यानं फोल्डरचा पत्ता बदलला. एका ओळीचं काम. ‘असेल-ते’ आणि ‘गप्प’ दोन्ही काढून टाकली, आणि बदलाच्या नोंदीत एकच शब्द लिहिला: साफसफाई. ठरल्याप्रमाणे नवी आवृत्ती बाहेर गेली. ताईच्या मशीनमध्ये त्यानं ती स्वतः भरली आणि बिघाड होता, दुरुस्त झाला, असं सांगून दिली. ताईनं चमचा वाटीवर आपटून पाहिला. मग पुन्हा आपटला. तिचा चेहरा उजळला. त्याला तिच्याकडे बघवेना.

तक्रारी थांबल्या. बैठकीत साहेबांनी नव्या माणसाचं कौतुक केलं, पायगुण म्हणाले. नवा माणूस गोंधळून म्हणाला की मी तर अजून जुने तक्ते नुसते वाचतोय, काहीच बदललं नाही. साहेब हसले, म्हणाले की विनय चांगला गुण आहे. सगळे हसले. खटपट्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं मनाशी म्हटलं, पण मुठीत काय आहे ते त्याला माहीत होतं.

त्याच आठवड्यात कानसेन त्याला कँटीनमध्ये भेटली. ती स्वतःच त्याच्या समोर येऊन बसली.

“ऐकलं, सुटलं म्हणे ते,” ती म्हणाली. “बरं झालं. फार त्रास व्हायचा रे लोकांना.” मग जरा थांबून म्हणाली, “त्या नव्या माणसाची ओळख करून दे ना. मी नेमकं कुठे चुकत होते ते विचारायचंय. मध्ये तर मी माझे कानसुद्धा तपासून घेतले. म्हटलं, मलाच वरचे आवाज ऐकू येईनासे झाले असतील.”

“मग?” त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

“डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. उलट जास्तच काळजी वाटली. कान ठीक, तर मग डोकंच गेलं असणार.” ती हसली आणि जेवायला लागली. सांगायचं ठरवून त्यानं तोंड उघडलं, आणि मीठ मागितलं.

पुढचे काही दिवस त्याचं लक्ष कामात नव्हतं आणि घरातही नव्हतं. कुणी खटपट्या म्हणून हाक मारली की त्याला ती शिवीसारखी लागायची. प्रिंटर अडला तर तो ऐकू न आल्यासारखं करायचा. आधी त्यानं साहेबांना गाठलं. दार लावून सगळं सांगितलं. साहेब पेन्सिल बोटांत फिरवत म्हणाले की झालं ते झालं, आता चालतंय ना नीट? उकरून काढलं तर बाहेर बोभाटा होईल. तिलाही खाली बरं वाटतंय, ऐकलंय मी. खटपट्याला क्षणभर सुटल्यासारखं झालं. जिना उतरताना त्याच्या ध्यानात आलं की साहेब त्याला ‘असेल ते घे आणि पुढे चल’ असंच सांगत होते, आणि तो तेच घेऊन निघाला होता. तो आणखी एक मजला उतरला.

खालच्या मजल्यावर खिडक्या कमी होत्या. कानसेनच्या टेबलावर बारक्या मॉडेलच्या पुस्तिकेचा कच्चा मसुदा होता. त्यानं खुर्ची ओढली आणि उभ्यानंच बोलायला लागला, मग बसला. फोल्डर, ‘असेल-ते’, ‘गप्प’, ताईच्या मशीनमधला आकडा, साफसफाई. ती ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं आपला काँप्युटर त्याच्याकडे वळवला.

“दाखव.”

त्यानं जुनी स्क्रिप्ट उघडली आणि ‘गप्प’ तेवढं काढून चालवली. पिवळ्या ओळी आल्या. तिनं त्या एकेक वाचल्या, सगळ्या सारख्या असूनही.

“बैठकीत तू म्हणालास, बिल्डमध्ये खोट नाही. तेव्हा तुला हे माहीत होतं?”

“नाही. शपथेवर सांगतो, नव्हतं.”

“असू दे. ते मला पटतं.” तिनं हात मांडीवर ठेवले. “पण मी तुझ्याकडे आले होते. उघडून बघ म्हणाले होते. तू बघितलं म्हणालास.”

“हो.”

“बघितलं होतंस?”

“नाही.”

“तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून मी स्वतःवरचा काढून घेतला,” ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. “नाहीतर तिथेच सापडलं असतं. त्याच दिवशी.”

तो म्हणाला की मला माफ कर. ती म्हणाली की ते नंतर बघू. आणि जिथे माझ्याबद्दल बोललात, त्याच खोलीत, त्याच लोकांपुढे हे सांग, इथे खाली येऊन कानात कुजबुजू नकोस. मग तिनं मसुदा पुढे ओढला आणि वाचायला लागली. पान काही उलटलं नाही.

त्यानं सांगितलं. बैठक सुरू झाली तशी हात वर केला आणि सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. सगळ्यांत आधी नवा माणूस बोलला, म्हणाला की तरीच, ते जुने तक्ते वाचताना मला वाटायचं, यात चूक कुठे आहे? ज्यांनी ‘शिळ्यावर भागवलं’ला पोट धरून हसून दाद दिली होती, ते टेबलाकडे बघत होते. तक्रारींच्या बाईंनी फक्त इतकंच विचारलं की ज्यांनी मशीन काढून फेकलं, परत येऊन बोललेच नाहीत, त्यांना आता कोण सांगणार.

कंपनीला बारकं मॉडेल घेतलेल्या प्रत्येकाला कळवावं लागलं की दोष कानांचा नव्हता, मशीनचा होता. तो मजकूर कानसेननं लिहिला, कारण ती पुस्तिका विभागात होती. बिल्ड टूल खटपट्याकडून काढून घेतलं. नव्या टास्कची प्रत्येक ओळ यापुढे दोघांनी वाचायची असा नियम झाला, आणि बिल्ड वरचेवर लाल होऊ लागलं, लोक कुरकुरले, पण आता पट्टी लाल का झाली ते उठून शोधू लागले. कानसेन काही आठवड्यांनी वर आली. साहेबांनी बोलावलं म्हणून लगेच आली नाही, पुस्तिका पुरी करून आली. खटपट्यानं तिची खुर्ची आणायला हात पुढे केला, तेव्हा ती आपली आपण ढकलत घेऊन गेली. कामापुरतं ती त्याच्याशी नीट बोलते. थट्टा करत नाही.

उरली ताई. तिला त्यानं बिघाड म्हणून सांगितलं होतं. तो गेला आणि सगळं सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत. फंक्शन वगैरे गाळून. सांगितलं की ताजं तपासायचं सोडून मी जुनंच भरत राहिलो, आणि बघितलं म्हणून खोटं बोललो.

“म्हणजे माझे कान नव्हते,” ताई म्हणाली.

“नव्हते.”

“काम मी उगीच सोडलं.”

भावोजी उठून बाल्कनीत गेले. ताईनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडतच नव्हती. तिनं फक्त विचारलं की अजून किती जणांना असं झालं, आणि खूप जणांना, हे ऐकून मान हलवली. जाताना तिनं त्याला डबा दिला, नेहमीसारखा. तो त्याला घेववेना, पण नाही म्हणण्याची हिंमतही झाली नाही.

त्याला काहीतरी भरून द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून तो त्या दातांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांना भेटला, ताईला परत घ्या अशी गळ घातली. डॉक्टर भले होते, पण जागा भरली गेली होती. काही निघालं तर कळवतो म्हणाले. संध्याकाळी ताईचा फोन आला. भावाला पाठवलं होतंत का, असं डॉक्टरांनी सहज तिला विचारलं होतं.

“दवाखान्यात गेला होतास?”

“हो, म्हटलं बघावं—”

“मला विचारलंस?”

“नाही.”

“परत तेच,” ताई म्हणाली. “तुला वाटतं, कुणाला कळायच्या आत गुपचूप नीट करून टाकलं की झालं. माझं काम आहे ते. माझ्या नावानं तू कुणापुढे हात पसरायचे नाहीत. कळलं?”

कळलं, तो म्हणाला. लहानपणी तिच्या हातचा मार खाल्ल्यावर म्हणायचा तसंच, खालच्या आवाजात. फोन ठेवल्यावर तो जिन्यात तसाच उभा राहिला. शेजारचे गृहस्थ वरून खाली आले, दिवा लागत नाही जरा बघता का म्हणाले. आपल्याला दिव्यातलं काही कळत नाही असं त्यानं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि वायरमनचा नंबर दिला.

ताई त्या दवाखान्यात पुन्हा गेली नाही. तिनं स्वतःच फिरून एका चष्म्याच्या दुकानात काम मिळवलं, गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवायचं आणि फोन घ्यायचं. हे त्याला भावोजींकडून कळलं, तेही ती कामावर जायला लागून बरेच दिवस झाल्यावर. त्यानं लगेच तिला फोन लावायला घेतला. मग वाटलं, तिनं आपल्याला सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. त्यानं फोन खिशात ठेवला.